ओपीडीपर्यंत येणारं कोड

त्वचारोगात एमडीला लागलं की पहिल्या वर्षीच थीसिसचा विषय ठरवावा लागतो. माझ्या बॅचमेटला केसगळतीत डर्मोस्कोपी, म्हणजे भिंगाच्या यंत्रातून त्वचा तपासणं, असा विषय मिळाला. त्यात यंत्र होतं, सुंदर फोटो होते, परिषदेत पोस्टर लावायची सोय होती. मला सर म्हणाले, "तू कोड घे. आपल्याकडे येणाऱ्या पेशंटमध्ये त्याचं स्वरूप काय काय दिसतं, ते नीट लिहून काढ."

मी हिरमुसले. या विषयावर लिहायचं काय राहिलंय? पुस्तकात सगळं आहे. जगात साधारण ०.५ ते २ टक्के लोकांना कोड असतं, निम्म्या लोकांत ते विशीच्या आत सुरू होतं, बाई-पुरुष असा फरक फारसा नसतो. शरीराच्या स्वतःच्याच संरक्षक पेशी त्वचेतल्या रंगपेशींवर उलटतात आणि रंग जातो. संसर्ग नाही, स्पर्शाने लागत नाही. मी हे सगळं सरांना म्हणून दाखवलं. ते केसपेपरवर सही करत म्हणाले, "हे पुस्तकातलं झालं. नाशिकच्या ओपीडीत कोण येतं, ते बघ की."

मग सिनॉप्सिस म्हणजे अभ्यासाचा आराखडा, एथिक्स कमिटी, आरोग्य विद्यापीठाकडची नोंदणी. यातलं सांगण्यासारखं एवढंच की कमिटीतल्या एका बिगर-डॉक्टर सदस्याने माझा मराठी संमतीपत्राचा मसुदा परत पाठवला. 'सदर संशोधनात सहभागी होणे पूर्णतः ऐच्छिक असून' हे वाक्य पेठ तालुक्यातल्या बाईला वाचून दाखवलंत तर ती हो म्हणेल की नाही म्हणेल, असं त्यांनी विचारलं होतं. मी ते 'तुमची इच्छा असेल तरच यात भाग घ्या. नाही म्हणालात तरी औषधपाणी तसंच मिळेल' असं केलं, आणि पुढे ते रोज वाचताना त्या गृहस्थांचे मनातल्या मनात आभार मानले.

प्रत्येक पेशंटची माहिती भरायचा प्रोफॉर्मा चार पानांचा होता. वय, गाव, काम, पहिला डाग कुठे आणि कधी, वाढतोय की थांबलाय, घरात कुणाला आहे का, थायरॉइड, साखर, चाई, डागावरचे केस पांढरे झालेत का, ओठ-तोंड-गुप्तांगावर डाग आहे का, जखमेच्या किंवा घासल्याच्या जागी डाग उठतो का, आधी काय काय उपचार केले. शेवटच्या पानावर माणसाची बाह्यरेषा, एक समोरून, एक पाठीमागून. त्यावर पेनाने डाग रंगवायचे. मला या पानाचा सुरुवातीला कंटाळा यायचा. पुढे तेच पान सगळ्यात बोलकं निघालं.

पेशंट आला की आधी ते कोडच आहे ना, हे ठरवावं लागतं. लहान मुलांच्या गालावरचे फिकट चट्टे, जे घरोघरी जंत झाल्याचं लक्षण समजतात, ते कोड नव्हे. पाठीवरची शिबं म्हणजे बुरशी. आणि सुरगाणा, पेठ या भागांतून आशाताईंनी कुष्ठरोग शोधमोहिमेत संशयित म्हणून पाठवलेले लोक यायचे. त्यांच्या डागावर कापसाच्या बोळ्याचं टोक टेकवून डोळे मिटून बोट ठेवायला सांगायचं. कुष्ठरोगात डाग फिका असतो पण दुधासारखा पांढराशुभ्र नसतो, आणि तिथली संवेदना कमी झालेली असते. कोडाच्या डागावर माणूस कापूस अचूक दाखवतो. एक आजोबा तर दर वेळी "इथं… इथं… अन् आता तुम्ही टेकवलाच नाही," असं डोळे मिटूनच सांगत होते. ते कोड निघालं. सोबत आलेल्या आशाताईंनाच जास्त आनंद झाला.

दुसरी पायरी वूड्स लॅम्प. रॉबर्ट वूड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९०३ मध्ये तयार केलेल्या काचेच्या फिल्टरवरून हे नाव पडलं. साधारण ३६५ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश अंधारात त्वचेवर टाकला की रंग पूर्ण गेलेली जागा निळसर पांढरी चकाकते. आमच्याकडे त्यासाठी ओपीडीच्या मागची बिनखिडकीची खोली होती, जिथे जुन्या फायलीही ठेवलेल्या असत. पेशंटने व्हॅसलीन लावलेलं असेल तर तेही चकाकतं, पांढऱ्या बनियनचा धागाही चकाकतो, म्हणून आधी पुसून घ्यायचं. गव्हाळ-सावळ्या कातडीवर मोठे डाग नुसत्या डोळ्यांनीही दिसतात. दिव्याचा खरा उपयोग कडा ठरवायला आणि अजून न दिसणारे डाग पकडायला. पण त्या अंधाऱ्या खोलीत पेशंटची आई असेल तर तिला आत घ्यायचं की नाही, याचा मी विचार करायला शिकले. बाहेर दोन डाग असलेल्या मुलीच्या मांडीवर, पोटरीवर आणखी ठिपके चमकताना पाहिले की आई मोजायला लागते, आणि तो आकडा घेऊन घरी जाते.

मग प्रकार ठरवायचा. २०११ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीनंतर, जी २०१२ मध्ये छापून आली, सेग्मेंटल कोड बाकीच्यांपासून वेगळं काढलंय, कारण त्याचं वागणंच वेगळं आहे. ते शरीराच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारखं येतं, बहुधा लहान वयात, आणि चेहऱ्यावर जास्त. काही महिने, फार तर वर्ष-दोन वर्षं झपाट्याने वाढतं आणि मग थांबून राहतं. त्यातले केस लवकर पांढरे होतात. बाकीचं नॉन-सेग्मेंटल: दोन्ही बाजूंना साधारण जोडीने येणारं सार्वत्रिक, ओठ-चेहरा आणि हातापायाच्या बोटांवर येणारं ॲक्रोफेशियल, नुसतं ओलसर त्वचेवर येणारं म्युकोझल, आणि जवळजवळ सगळं अंग व्यापणारं युनिव्हर्सल. एखादाच डाग असेल आणि तो कुठल्या दिशेने जाईल हे सांगता येत नसेल तर फोकल.

सेग्मेंटलचा एक मुलगा आठवतो (सगळ्यांचेच ओळखीचे तपशील मी बदललेत). निफाडकडचा, दुसरीतला. डाव्या भुवईचा अर्धा भाग आणि त्याच बाजूच्या पापण्या पांढऱ्या. वडिलांनी त्याचं दूध, दही, लिंबू, चिंच सगळं बंद केलं होतं. आजीचं म्हणणं, हे आजोळकडून आलं. मी आजीला सांगितलं की हा प्रकार घराण्यात फारसा उतरत नाही, आणि दूध-लिंबाने कोड होतं किंवा वाढतं याला आधार नाही. आजी म्हणाली, "मंग आता पोराला कैरी देऊ का?" मी हो म्हटलं. पुढच्या खेपेला मुलाच्या आईने मला हळूच सांगितलं, "मॅडम, तुमच्यामुळं घरातलं भांडणच मिटलं." औषधाने त्या वेळेपर्यंत काहीच फरक पडला नव्हता.

सगळ्यात जास्त मी रमले ते 'काम काय करता' या रकान्यात. कपाळावर अगदी टिकलीएवढा, टिकलीच्याच आकाराचा डाग घेऊन बायका येतात. टिकलीच्या गोंदात पॅरा-टर्शरी ब्युटाइल फिनॉल असू शकतं, ते रंगपेशींना मारतं. रबरी चपलेच्या पट्ट्याच्या आकाराचे पायावरचे डाग हाही तसलाच प्रकार. रबराची ही गोष्ट जुनी आहे. १९३९ मध्ये अमेरिकेतल्या एका चामड्याच्या कारखान्यात कामगारांच्या हातांवर पांढरे डाग उठले, आणि कारण निघालं त्यांच्या रबरी हातमोज्यांत घातलेलं मोनोबेंझाइल ईथर ऑफ हायड्रोक्विनोन. पुढे ज्यांच्या अंगावर रंगाचे थोडेच ठिपके उरलेत अशा रुग्णांसाठी तेच रसायन उरलासुरला रंग काढून टाकणाऱ्या मलमात वापरलं गेलं. सातपूर-अंबडच्या कंपन्यांतला माणूस आला की मी त्याला हातमोजे कसले, बूट कसले, हे विचारायचेच.

रसायन नसतानाही जागा बोलते. परकराच्या नाडीची कमरेवरची रेघ, बॅगेच्या पट्ट्याखालचा खांदा, गुडघे, कोपरं, भांडी घासणाऱ्या हातांची पेरं. जिथे सतत घर्षण किंवा जखम, तिथे डाग उठणं याला कोबनर म्हणतात आणि बहुधा ती रोग चढता असल्याची खूण असते. द्राक्षबागेतल्या छाटणीत बोटांना बारीक कापलेलं असतं, त्या कापल्या रेघेवर पांढरी रेघ. मी नाडी सैल बांधायला सांगायचे, तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "सैल बांधून वावरात काम करून दाखव बरं तू." त्यांना नाडीऐवजी रुंद पट्टा सुचवला. तो त्यांनी शिवून घेतला.

डाग किती, हे मोजायचं माप पेशंटचा स्वतःचा हात. बोटांसकट त्याचा तळवा म्हणजे अंगाच्या साधारण एक टक्का. असे किती तळवे डाग आहेत, त्यातला रंग किती गेलाय, यावरून गुण काढतात. याच मापाने माझ्या फायलीतले दोन पेशंट एकदा शेजारी-शेजारी आले.

एक काका. युनिव्हर्सल कोड, जवळजवळ सगळं अंग पांढरं, फक्त गालावर आणि पाठीवर काही तपकिरी बेटं उरलेली. माझ्या संपूर्ण अभ्यासात सर्वात जास्त गुण त्यांचे. पण ते कोडासाठी आलेच नव्हते. जांघेत गजकर्ण झालं होतं. मी प्रोफॉर्मा काढल्यावर म्हणाले, "अहो, याचं काय घेऊन बसलात, हे जुनं झालं. खाजेचं बघा." रोग कधी सुरू झाला, तर लग्नानंतर. बायकोने काय म्हटलं, तर "ती काय म्हणणार, तोवर दोन पोरं झाली होती."

दुसरी सिडकोतली मुलगी, डीएड झालेली. वरच्या ओठाच्या कडेला मसुराच्या डाळीएवढा डाग आणि उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं. एक तळवासुद्धा भरत नव्हता, गुण जवळजवळ शून्य. ती न चुकता दर आठवड्याला येत होती, आणि खाली मान घालून एकच विचारत होती, "तुळशीच्या लग्नापर्यंत जाईल का?"

नाही, इतक्या लवकर जाणार नव्हता. जागाच अवघड होती. कोडात रंग परत येतो तो बहुतेक वेळा केसांच्या मुळांतून. तिथे रंगपेशींचा साठा शिल्लक असतो, उपचाराने त्या जाग्या होऊन वर सरकतात, म्हणून डागात आधी केसाभोवती तपकिरी ठिपके दिसतात आणि मग ते एकमेकांना मिळतात. चेहऱ्याची त्वचा, मान, धड इथे हे चांगलं जमतं. ओठाला आणि बोटांच्या टोकांना केसच नाहीत, म्हणून साठा नाही. आणि डागावरचे केस पांढरे झाले असतील तर केस असूनही साठा संपलेला. हे कळल्यावर बाह्यरेषेच्या त्या पानाकडे मी वेगळ्या नजरेने बघू लागले. काकांचं पान काळंभोर भरलेलं, तिच्या पानावर पेनाचे तीन ठिपके, आणि ते तीनही औषध सर्वांत कमी पोचतं त्या जागी.

तिला आम्ही टॅक्रोलिमस मलम दिलं, नॅरोबँड दिलं. नॅरोबँड म्हणजे ३११ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश, उभ्या कपाटासारख्या यंत्रात ट्यूब लावलेल्या असतात. आठवड्यातून दोन-तीनदा, लागोपाठच्या दिवशी नाही. डोळ्यांवर गॉगल, पुरुषांना गुप्तांग झाकून. सुरुवात काही सेकंदांची, मग हळूहळू वाढवत जायचं. निदान सहा महिने दिल्याशिवाय फायदा नाही असं म्हणता येत नाही. सिडको-पंचवटीच्या माणसाला हे जमतं. सुरगाण्याहून येणाऱ्याला जाऊन-येऊन एक दिवस आणि एक दिवसाची मजुरी जाते, तो महिन्याभरात गळतो. अशांना आम्ही मलम आणि कोवळं ऊन यांवर ठेवायचो. रोग वेगाने वाढत असेल तर आठवड्यातले सलग दोन दिवस स्टेरॉइडची गोळी. ही पद्धत भारतातच पुढे आली आणि गावाकडच्या पेशंटला ती झेपते. मुलीने पुढे मोबाइलवर वाचून रुक्सोलिटिनिब क्रीमबद्दलही विचारलं. अमेरिकेत २०२२ मध्ये बारा वर्षं आणि त्यावरच्या नॉन-सेग्मेंटल रुग्णांसाठी त्याला मंजुरी मिळालीय. ती वाचून आली होती, मला बरं वाटलं. ओठाच्या डागासाठी शस्त्रक्रियाही होते, पण त्यासाठी रोग निदान वर्षभर जागचा हललेला नसावा लागतो. तिच्या बोटांवर तर दिव्याखाली नवे ठिपके दिसत होते.

बावचीबद्दलही लिहायला हवं, कारण फोड घेऊन आलेले पेशंट मी खूप पाहिले. बावचीचं तेल लावून कुणी दुपारच्या उन्हात बसतं आणि भाजून निघतं. औषध खोटं नाही. बावचीत सोरालेन असतं, त्याने त्वचा उन्हाला हळवी होते, आणि सोरालेन अधिक अतिनील प्रकाश हा आधुनिक उपचारही त्याच तत्त्वावर उभा राहिला. इजिप्तच्या अब्देल मोनेम एल मोफ्ती यांनी १९४० च्या दशकात तिथल्या एका वनस्पतीतल्या सोरालेनने तेच केलं. प्रश्न मात्रेचा आणि उन्हाच्या वेळेचा आहे, आणि तेलाच्या बाटलीवर यातलं काहीच लिहिलेलं नसतं.

हळूहळू ओपीडीचं पंचांग माझ्या लक्षात आलं. दिवाळीच्या सुट्टीपासून पुढे, तुळशीचं लग्न लागलं की, लग्नाच्या मुली आणि त्यांच्या आया. मे महिन्यात शाळकरी पोरं. द्राक्ष काढणीच्या दिवसांत दिंडोरी-निफाडची शेतातली माणसं गायब, ती थेट पावसाच्या तोंडावर उगवायची. त्या काळात एकदा पॅकिंगला जाणारी एक बाई आली, ओठ आणि बोटांची टोकं पांढरी. डाग तिला चार वर्षं होते. आताच का आली, तर मुकादमाने तिला द्राक्षाच्या पेटीवरून उठवून झाडलोटीला लावलं होतं. 'माल परदेशी जातो' म्हणे. मी चिठ्ठी लिहून दिली की हा रोग स्पर्शाने लागत नाही. चिठ्ठीने काम झालं की नाही ते कळलं नाही, ती परत आली नाही.

'आताच का आलात' हा प्रश्न प्रोफॉर्म्यात नव्हता. मी तो कडेला पेन्सिलीने लिहू लागले. उत्तरं फार थोडी होती. स्थळ येतंय. नोकरीची मुलाखत आहे. मुलाला वर्गात चिडवतात. डाग आता बाहीच्या खाली उतरला. शेवटचं उत्तर मी अनेकदा ऐकलं. दंडावर डाग असताना माणूस घरी होता, तो मनगटापाशी आल्यावर त्याने केसपेपर काढला.

मी बाई असल्यामुळे एक रकाना पुरुषांच्या बाबतीत रिकामा राहत होता. गुप्तांगावर डाग आहे का, याला सगळे 'नाही' म्हणायचे. सरांना दाखवल्यावर त्यांनी हा भाग माझ्या सहकारी डॉक्टरने पडद्याआड तपासायचा असं ठरवलं, आणि बायकांना मी तपासायचं, 'आहे का' असं न विचारता 'बघून घेऊ या' म्हणत. रकाना भरू लागला. त्यातल्या बऱ्याच जणांना तो डाग आधीपासून ठाऊक होता. लपवलेलाच डाग तो, त्यासाठी कोण कशाला येईल?

थायरॉइडच्या तपासण्यांनी थोडं काम दिलं. काही बायकांचा टीएसएच वाढलेला, म्हणजे थायरॉइड मंदावलेला निघाला, त्यांना फिजिशियनकडे पाठवलं. 'मुलीला होईल का' या प्रश्नाला मी सांगायचे की आई किंवा वडिलांना असेल तर मुलाला होण्याची शक्यता शंभरात साधारण पाच-सहा, म्हणजे न होण्याची चौऱ्याण्णव-पंचाण्णव. दुसरा आकडा आधी सांगायचा, हे मी नर्सिंग स्टाफमधल्या एका ताईंकडून शिकले.

शेवटी तक्ते झाले. बायका पुरुषांपेक्षा स्पष्टपणे जास्त. तरुण वय जास्त. सार्वत्रिक प्रकार सर्वांत जास्त, सेग्मेंटल थोडे. पहिला डाग बहुतेकांचा चेहरा, हात किंवा पायावर. स्टॅटिस्टिक्सच्या सरांनी आकडे तपासून दिले आणि निष्कर्षात लिहायला सांगितलं की आमच्याकडे कोड स्त्रियांत अधिक आढळतं. मी ते वाक्य लिहिलं नाही. माझ्या तक्त्यात स्त्रिया जास्त होत्या कारण ओठावरचा मसुराएवढा डाग मुलीला दवाखान्यात आणतो आणि पाठभर कोड असलेला पुरुष सदरा घालून शेतात जातो. चेहरा आणि हात पुढे होते कारण ते झाकता येत नाहीत. मर्यादांच्या परिच्छेदात हे लिहून पेन्सिलीतल्या नोंदी सरांपुढे ठेवल्या. त्यांनी त्या शांतपणे चाळल्या आणि म्हणाले, "हे मर्यादांत कशाला लपवतेस? चर्चेत घे." तो भाग मी पुन्हा लिहिला.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी सेग्मेंटलमध्ये शस्त्रक्रिया कधी, एवढं विचारून मला सोडलं. यंदाच्या ज्युनिअरला सरांनी कोडच दिलंय, पण ओपीडीतलं नाही. दिंडोरी तालुक्यातल्या काही गावांत घरोघरी जाऊन बघायचं. ती माझा प्रोफॉर्मा मागायला आली होती. चार पानं तिला दिली आणि पहिल्या पानावर दोन ओळी वाढवून दिल्या: 'या डागासाठी आजवर कधी डॉक्टरकडे गेलात का? नसाल, तर का नाही?'